काहीच न दिलेले मासे

सोलापूरला परत आल्यापासून भेटेल ती विचारते, नवी मुंबईत बघण्यासारखं काय आहे गं? मी रुंद रस्ते सांगते, तळ्यातले गुलाबी रोहित पक्षी सांगते, मॉलमधला सरकता जिना सांगते. ऐकणारीचं समाधान होतं आणि माझी सुटका होते. खरं म्हणजे मी तिकडे एक बिनखिडकीची खोली बघायला गेले होते, आणि तिथे जे बघितलं ते भाजी निवडता निवडता सांगण्यातलं नाही. म्हणून बसून लिहितेय.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, हे वाक्य मी इतक्या वर्गांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी बरोबर सांगेन. पण अमिनो आम्ल मी कधी बघितलं नव्हतं. फळ्यावर काढायचं, पुसायचं, घंटा झाली की हात झटकून बाहेर पडायचं. माझी भाची सायली, म्हणजे धाकट्या बहिणीची, कुमुदची मुलगी, ते बघण्याचाच उद्योग करते. तळोज्याच्या एका लहानशा संशोधन संस्थेत ती एक रंगद्रव्य बनवते. ते जिवंत माशाला दिलं की त्याच्या अंगात ठरावीक अमिनो आम्ल जिथे असेल तिथे निळ्या उजेडात हिरवं चमकतं. त्याला ते लोक प्रोब म्हणतात. मला तिने एकदा फोनवर समजावलं होतं, की मावशी, वायरमनचा टेस्टर असतो ना, तारेत करंट असेल तरच त्याचा दिवा लागतो, तसंच समज.

अमिनो आम्ल कोणतं, हेही सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्याचं नाव होमोसिस्टीन. काही मुलांच्या शरीरात ते जन्मापासून साठत जातं. मुलं उंच होतात, सडपातळ, लांबसडक बोटांची; डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकतं; आणि रक्तात गुठळ्या होतात. सायलीचा मोठा भाऊ निनाद वर्गात सगळ्यांत उंच होता. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! चष्म्याचा नंबर वाढला की आम्ही म्हणायचो, वाचतो फार. गुठळी मेंदूत गेली तेव्हा तो आठवीत होता आणि सायली दुसरीत. आजाराचं नाव घरात आलं ते तो गेल्यानंतर. वेळेवर कळलं तर यातली बरीच मुलं पथ्यावर आणि औषधावर चांगली जगतात, हेही तेव्हाच कळलं.

सायलीच्या माशांमध्ये हाच दोष मुद्दाम ठेवलेला आहे. कुमुदला हे कळल्यापासून ती लेकीकडे गेलेली नाही. या दिवाळीला सायलीही घरी आली नाही. फोनवर हो-नाही एवढंच बोलायची. शेवटी कुमुद मला म्हणाली, "ताई, तू जाऊन बघून ये. माझ्याच्यानं नाही बघवायचं." मी शेंगाचटणी कुटली, कडक भाकऱ्या बांधल्या आणि बस धरली.

रविवार, करावे

प्रवासाबद्दल एवढंच की भाकऱ्यांचा पार चुरा झाला आणि चटणीचं तेल माझ्या जर्दाळी साडीला लागलं. रिक्षावाला साताऱ्याचा निघाला. तो सारखा विचारत होता, कोणती सोसायटी, कोणता टॉवर? मी म्हणत होते, बाबा रे, करावे गाव. सीवूड्सचे ते आकाशाला टेकलेले टॉवर संपता संपता एकदम रस्ता अरुंद झाला आणि आम्ही गावात शिरलो. दारात जाळी वाळत घातलेली, सुक्या मासळीचा वास, देऊळ, आणि डोकं वर केलं की चारी बाजूंनी खिडक्याच खिडक्या. आमच्याकडे गाव संपलं की माळ लागतो. इथे गाव संपलं की भिंत लागते, असं मला वाटलं. संध्याकाळ होत आली होती आणि त्या शेकडो खिडक्यांपैकी मोजक्याच उजळल्या होत्या. एवढी घरं बांधून माणसं कुठे गेली, कोण जाणे.

सायली हिराबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. दार उघडलं तेव्हा आत अंधार होता. मला वाटलं वीज गेलीय. तिने मला मिठी मारली, बॅग घेतली, चहा टाकला, आणि हे सगळं तिने अंधारातच केलं. खिडकीला जाड पडदा. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाली, "नको ना मावशी. दिवसभर काळोखात काम असतं, उजेड डोळ्यांना बोचतो." पोर वाळली होती. हसत होती, शेंगाचटणी बोटाने चाटत होती, पण बोलता बोलता तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या कोपऱ्याकडे जायची आणि तिथेच थांबायची. मी दोनदा वळून बघितलं. कोपऱ्यात कपड्यांची दोरी होती, बाकी काही नव्हतं.

जेवताना मी सरळ विचारलं की दिवाळीला का आली नाहीस. ती म्हणाली की मासे सोडून येता येईना. मग म्हणाली, उद्या तुला दाखवते, पण आईला सांगू नकोस. कुमुदचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, बरी आहे, जरा बारीक झालीय.

सोमवार, तळोजा

तळोज्याला पोचायच्या आधी तळोजा नाकाला कळतं. आधी गोडसर वास येतो, मग घशाला खवखव. कारखाने, टँकर, उंच धुराडी, आणि मध्येच एखादं झाड, ज्याच्या पानांवर पांढरी पूड बसलेली. संस्था म्हणजे अशाच एका इमारतीचा मजला. बाहेर ट्रकचे भोंगे वाजत होते. आत शिरलो आणि दार लागलं तशी अशी शांतता झाली की पाण्याचे बुडबुडे ऐकू यायला लागले.

पहिल्या खोलीत माशांचं वसतिगृह आहे. फडताळात ओळीने लावलेल्या टाक्या आणि त्यांत बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे. या खोलीतली सकाळ सायली करते. म्हणजे दिवे ठरलेल्या वेळी लागतात आणि दिवे लागले की मासे अंडी घालतात. बाहेर पाऊस असो, ऊन असो, यांना पत्ता नाही. ती टाकीपाशी गेली की सगळे मासे तोंड वळवून काचेपाशी येत होते. मी गेले तर एकही आला नाही.

आतली खोली म्हणजे मी म्हणतेय ती. भिंती काळ्या, दाराच्या फटीला काळा कपडा. सायलीने मला हातमोजे घालायला दिले आणि नारिंगी काचांचा एक चष्मा दिला. तिच्या हातात निळी बॅटरी होती. त्या चष्म्यातून निळा उजेड दिसत नाही, म्हणजे बॅटरी लागते पण तुम्हाला अंधारच दिसतो, आणि त्या अंधारात जे स्वतः चमकतं तेवढंच दिसतं. हे तिने आधी समजावलं होतं. तरी दिवा बंद झाला तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली.

तिने पहिली काचेची बशी पुढे केली. मला आधी काही कळेना. मग काळ्या पाण्यात हिरवे ठिपके हलायला लागले. माशांची पिल्लं होती ती, पापणीच्या केसाएवढी, अंगाने आरपार. अंग दिसतच नव्हतं. दिसत होता तो त्यांच्या आतला उजेड: पोटाशी एक रेघ, पाठीत बारीक कणी, आणि डोळ्यांच्या जागी दोन थेंब. ती रेघ हलायची, थांबायची, चटकन वळायची. आयुष्यभर फळ्यावर खडूने काढलेलं ते असं पोहताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेच निनादच्या अंगात होतं आणि आम्ही त्याची उंची भिंतीवर मोजत होतो.

"यांना प्रोब दिलाय," सायली म्हणाली. "हे चमकणारच. आता हे बघ."

दुसरी बशी तिने कोपऱ्यातून आणली. तिच्यावर काळा कागद झाकला होता. ही पिल्लं कंट्रोलची, म्हणजे काहीच न दिलेली. कुठलाही प्रयोग करताना अशी एक बशी बाजूला ठेवावी लागते. ती काळीच राहिली पाहिजे, तरच दुसऱ्या बशीतल्या उजेडाला अर्थ. तिने कागद काढला.

त्या बशीतही उजेड होता. मंद होता, धुक्यातून दिसावा तसा, पण होता. टेस्टर खिशातच आहे आणि तार आपोआप उजळलीय, अशातली गत. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक पिल्लू तळातून वर आलं, आमच्या बाजूला वळलं आणि थांबलं. शरीर नाही, आकार नाही, फक्त दोन हिरवे डोळे माझ्याकडे बघत होते. मी विज्ञानाची बाई, भुताखेतांवर हसत आलेली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

तेवढ्यात सायली त्या बशीवर वाकली आणि अगदी हळू, घरात कुणी शिरल्यावर विचारावं तशी म्हणाली, "आलास?"

मी दिवा लावला. ती माझ्यावर चिडली नाही. डोळे मिटून तशीच उभी राहिली.

बाहेर पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. तीन आठवडे हे चाललं होतं. आधी एकच बशी, मग दुसरी, मग सगळ्याच. अजून तिने तिच्या सरांना सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात लहान मुलांच्या इस्पितळातले डॉक्टर येणार होते. त्यांना प्रोब पटला तर तो नवजात बाळांच्या रक्ताच्या थेंबावर वापरून बघायचा ठरत होता, म्हणजे निनादसारखी मुलं पाळण्यातच कळली असती. आणि न दिलेल्या बश्या चमकतात हे खरं असेल, तर त्या प्रोबच्या दिव्यावर कुणी विश्वास ठेवायचा? निरोगी बाळाला तो आजारी म्हणेल. मी म्हटलं, मग आजच्या आज सरांना सांग आणि कारण शोध.

"कारण सापडलं तर ते विझेल ना गं," ती म्हणाली.

येताना रिक्षा पाम बीच रस्त्याने आली. डाव्या हाताला तळ्यात रोहित पक्षी उभे होते, शेकड्यांनी, एका पायावर, माना पाण्यात. एकही आवाज नाही. लोक थांबून फोटो काढत होते. मला ते चित्र बघवेना, मी दुसरीकडे तोंड केलं.

बुधवार, करावे

हिराबाईंनी मला दुपारी जेवायला बोलावलं. बाई साठीच्या, आवाज खणखणीत, नवरा आणि दीर एकेकाळी खाडीत जाळं टाकायचे. आमच्याकडे मासे म्हणजे हौसेने कधीतरी, आणि तेही काट्यांच्या धाकाने. इथे ताटात निवट्यांचं कालवण आलं. निवट्या हा चिखलात चालणारा मासा, डोळे डोक्यावर आलेले. सकाळीच मी ओहोटीला जेट्टीवर उभी राहून त्यांना बघितलं होतं. अख्खा चिखल डोळे वटारून आपल्याकडे बघतोय असं वाटतं. आता तेच वाटीत. पण काय सांगू, चिंचेचा आंबटपणा, लसणीचा ठसका, हळदीने पिवळाधमक झालेला रस्सा आणि तांदळाची लुसलुशीत भाकरी. मी मनगटापर्यंत हात माखून जेवले. हिराबाई कौतुकाने वाढत राहिल्या.

त्यांनाही सायलीचीच काळजी होती. "ती दिवा नाय लावत ओ," त्या म्हणाल्या. "मी बोलली, पोरी, बिलाचं टेन्शन नको घेऊ, पन दिवा लाव. ऐकत नाय. एकलीच बोलत बसते."

मी विषय बदलावा म्हणून विचारलं की खाडीत पूर्वी काय काय मिळायचं. त्यावर त्यांनी वडिलांची आठवण सांगितली. कधीकधी काळोख्या रात्री खाडीचं पाणी पेटायचं, वल्हं मारलं की हिरवा उजेड उठायचा. अशा पाण्यात त्यांचे वडील जाळं टाकत नसत, होडी वळवून घरी येत. का, तर बुडालेली माणसं आपलं घर बघायला वर आलेली असतात, त्यांना जाळ्यात धरू नये. मला हे जीवशास्त्राने समजावता आलं असतं, पाण्यातले चमकणारे सूक्ष्मजीव वगैरे. पण सोमवारची बशी आठवली आणि मी गपचूप भात कालवला.

निघताना त्या सहज म्हणाल्या की भाऊबीजेला सायली त्यांच्याकडून ओवाळायचं ताट मागून घेऊन गेली होती, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी सगळं मांडून. त्यांनी विचारलं, भाऊ आलाय का गं गावाहून? तर म्हणाली, कामाच्या ठिकाणी हाय. मी मनात म्हटलं, चला, कुणालातरी भाऊ मानलाय, तेवढीच सोबत. खरंच, त्या वेळी मला बरंच वाटलं.

हात दोनदा साबणाने धुतला आणि मी तळोजा गाठलं. सायलीने मला परत आत नेलं, कारण मीच हट्ट धरला होता की ती बशी मला पुन्हा बघायचीय. शिक्षकी खोड; एकदा बघितलेलं मी खरं धरत नाही. पण आतली हवा कोंदट, हातमोज्यांत घाम साचून बोटं चिकट झालेली, म्हणून मी उजव्या हातातला मोजा काढून टाकला. दिवा बंद झाला. सायलीने बॅटरी लावली आणि मी चष्मा सरळ करायला हात वर नेला.

माझी बोटं पेटली होती.

पाचही नखं हिरवट-पिवळी, कडांशी तर निखाऱ्यासारखी. अंगठ्याच्या पेरांवर उजेडाच्या बारीक रेघा. हात दिसत नव्हता, नुसती बोटांची टोकं अंधारात तरंगत होती. मला वाटलं, त्या बशीतलं जे काही आहे ते आता मला लागलं. आजवर इतकी घाबरलेली मला मी आठवत नाही. मी हात साडीला पुसला. नखं तशीच पेटलेली राहिली. आणि पुसता पुसता नाकाला वास आला, लसणीचा आणि हळदीचा.

हळद. निवट्यांच्या रश्श्यातली हळद. आमच्या प्रत्येकीच्या घरात प्लॅस्टिकचा डबा एकदा हळदीने पिवळा झाला की तो जन्मभर पिवळाच राहतो, नखांचंही तसंच. आणि ती निळ्या उजेडात चमकते, हे मला त्या क्षणी कुणी शिकवायची गरज नव्हती. सायली तिथे सदैव मोजे घालून वावरायची, म्हणून तिचे हात कधी पेटले नाहीत.

मी विचारलं, "सायली, या खोलीत हळद कुठून आली?"

बॅटरी तशीच लागलेली होती, माझ्या बोटांवर. ती स्टुलावर बसल्याचा आवाज आला, आणि मग ती अंधारातूनच बोलायला लागली. आपल्यात ज्या बहिणीला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ती दरवर्षी सोलापुरात गच्चीवर जाऊन ओवाळायची. या वर्षी ताट घेऊन खाली उतरली, तर बीजेचा चंद्र तो केवढा, आणि किती वेळ टिकणार! एका टॉवरमागे गेला तो दिसलाच नाही. ती पुढच्या गल्लीत गेली, मग रस्त्यावर गेली, सगळीकडे इमारती. तेवढ्यात तो मावळला. मग ती ताट घेऊन इथे आली.

"इथे निरांजन लावता येत नाही, केमिकल्स असतात. म्हणून मी ही बॅटरी ओवाळली," ती म्हणाली. "हळद लावलेल्या अक्षता टाकल्या. पाण्याच्या ड्रमचं झाकण उघडं होतं."

सगळ्या बश्यांत पाणी जातं ते त्याच ड्रममधून. मी विचारलं की हळद चमकते हे तुला ठाऊक नव्हतं का.

"ठाऊक होतं. कॉलेजात पहिल्या वर्षालाच आम्ही करून बघितलं होतं."

"मग?"

"मला ते आठवायचं नव्हतं, मावशी."

आम्ही ड्रमपाशी गेलो. साध्या डोळ्यांना पाणी नितळ होतं, मी प्याले असते. चष्मा लावून बॅटरी धरली तेव्हा आत सगळीकडे हिरवं धुकं पसरलेलं दिसलं, आणि तळाशी पाच-सहा तांदळाचे दाणे जळत होते. एवढ्या लहान दाण्यांत एवढा उजेड. सायली बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ थंडगार होती. मला तिची दया आली आणि रागही आला, तिचा नव्हे, त्या मुलाचा, की हिला अशी मागे टाकून तो गेला. मेलेल्यावर रागावणं शहाणपणाचं नाही हे मला कळतं.

तिने सरांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, ओवाळण्यासकट. सर रागावले नाहीत. त्यांनी काही क्षण चष्मा पुसला आणि म्हणाले, सगळं पाणी, सगळ्या बश्या, नळ्या बदला; नवी अंडी घ्या; न दिलेली पिल्लं या खेपेला काळी राहिली तर डॉक्टरांना येऊ दे, आणि चमकली तर मीच त्यांना फोन करून येऊ नका म्हणतो. हळद हेच कारण आहे हे आपण म्हणतोय, माशांनी अजून म्हटलेलं नाही. मला ते पटलं.

जुन्या बश्यांतल्या पिल्लांचं संस्थेच्या नियमाने जे करायचं ते सायलीने स्वतः केलं, मला बाहेर थांबायला सांगून. तांदळाचे दाणे मात्र तिला कचऱ्यात टाकवेनात. पूजेतलं आपण कचऱ्यात टाकत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ते जेट्टीवरून खाडीत सोडले. दिवस मावळत होता, भरती चढत होती, आणि खारफुटीच्या मुळांत पाणी शिरताना कुणीतरी कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. दाणे पडले त्या जागी मी बघत राहिले. तिथे काही चमकलं नाही, आणि चमकलं असतं तरी मी कुणाला सांगितलं नसतं.

पुढचे दिवस, आणि तळोजा

मी मुक्काम वाढवला. कुमुदला सांगितलं की हवा मानवलीय. शुक्रवारी माशांची सकाळ झाली आणि टाक्यांच्या तळाशी नवी अंडी पडली, साबुदाण्यासारखी, पण त्याहून कितीतरी लहान. मधले दिवस आम्ही दोघींनी घासण्यात घालवले. मी घरी स्वयंपाकात हळद बंद केली, पांढरं वरण, पांढरी भाजी. हिराबाईंना वाटलं कुणाचं सुतक आहे. एका दुपारी सायली झोपलेली असताना मी खिडकीचा पडदा काढला आणि धुवायला टाकला. उठल्यावर ती डोळ्यांवर हात धरून बसली, पण पुन्हा लाव म्हणाली नाही.

ती घाबरलेली होती. दोन्हीकडून घाबरलेली होती. बशी चमकली तर तिचं काम गेलं, आणि तिच्याहून वाईट म्हणजे त्या बाळांचा टेस्टर गेला. बशी काळी राहिली तर काय जाईल, ते ती तोंडाने म्हणत नव्हती. मी रोज देवापुढे हात जोडायचे आणि काय मागावं ते मला ठरवता यायचं नाही.

मंगळवारी पिल्लं तयार झाली. बाहेर रणरणतं ऊन होतं, ट्रकची रांग लागली होती. आम्ही आत गेलो, दार लावलं, फटीला कपडा लावला, चष्मे चढवले. दिवा गेला.

पहिली बशी प्रोब दिलेल्यांची. हिरव्या रेघा, हिरवे थेंब, पळापळ. आधीपेक्षा उजेड जास्त नेमका वाटला, जिथे हवा तिथेच. सायलीने मान डोलावली असावी, मला दिसलं नाही. तिने ती बशी बाजूला सारली आणि दुसरी पुढे ओढली. काच टेबलावर घासल्याचा आवाज झाला.

मी बघितलं. सायली बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिने बॅटरी जवळ आणली, मग लांब नेली, मग बाजूने धरली.

"मावशी," ती म्हणाली, "मी खूप दिवस हेच बघतेय, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तू बघ. तुला काही दिसतं?"

मी वाकले. बशीत मिट्ट काळोख होता. त्या काळोखात पिल्लं होती, जिवंत होती, पोहत होती, हे मला ठाऊक होतं. दिसत एकही नव्हतं. माझ्या मनात आलं, एकदा हो म्हणावं. एक ठिपका दिसतो म्हणावं, अगदी बारीक, कडेला. तिला तेवढं पुरलं असतं. मी बराच वेळ वाकून राहिले, कारण मलाही वाटत होतं की कुणीतरी वळून वर बघावं.

"नाही गं," मी म्हटलं. "कुणी नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझा प्रोब खरा आहे," सायली म्हणाली, आणि तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. निनादला नेलं त्या दिवशी ती रडली नव्हती, तिला कुणी काही नीट सांगितलंच नव्हतं. आता ती रडत होती, लहान पोर रडतं तशी, मोठ्याने. दिव्याचं बटण माझ्या हाताशी होतं, पण तिचं रडून होईपर्यंत मी ते दाबलं नाही.